भेटायची वेळ रविवारी

हल्ली लोक मला चांगली बाई म्हणतात. लोणावळ्यात बेघर बायकांचं एक निवारा केंद्र आहे, त्याचं काम मी बघते. त्यामुळे कुणी कार्यक्रमात शाल घालतं, कुणी माझ्या सेवाभावाबद्दल भाषण करतं. मी शाल घेते आणि गप्प बसते. खरं सांगायचं तर या केंद्रात मी जे काही चांगलं केलं, ते एका बाईची मान खाली जावी म्हणून केलं. माझ्या आधी केंद्र ती चालवायची. आम्ही सगळ्या तिला ‘बाई’ म्हणायचो. इथंही तेच म्हणते.

माझं सासर कुसगावचं. नवरा तिथल्याच एका हॉटेलात माळीकाम करायचा आणि मी त्याच हॉटेलात भांडी घासायचे. तो आजारानं गेला तेव्हा मुलीचं लग्न झालेलं होतं, ती सोमाटण्याला दिलेली. माझ्या आईवडिलांमागे माहेर म्हणावं असं काही उरलं नव्हतं. आमच्या वाट्याची खोली रस्त्याच्या अंगाला होती, आणि मुंबईहून शनिवार-रविवार राहायला येणारे लोक तसल्याच खोल्या शोधतात. माझ्या दिराला ते कळायला वेळ लागला नाही. आत फरशी बसवून देतो म्हणून त्यानं माझं सामान ओट्यावर काढलं. फरशी बसली, रंग झाला, पलंग आला, आरशाचं कपाट आलं. सामान ओट्यावरच राहिलं.

मी विचारलं की तो म्हणायचा, “वयनी, पाव्हणं येनार हायेत. सोमवारी बघू.”

असे बरेच सोमवार गेले. मग एक दिवस मी कामावरून आले तर दाराला नवं कुलूप, माझं सामान गोणीत भरलेलं आणि गोणी फाटकाबाहेर. जाऊ खिडकीत उभी होती. ती रडत होती, पण खिडकी तिनंच लावून घेतली.

लेकीकडे जायचं मनात आलं नाही असं नाही. पण तिच्या सासरी आधीच माणसं मावत नव्हती, आणि आईला घराबाहेर काढलंय हे तिला सासरच्या लोकांपुढं ऐकायला लागावं असं मला वाटत नव्हतं. फोनवर मी तिला सांगितलं, हॉटेलवाल्यांनी राहायला खोली दिलीय, चांगली आहे, खिडकीतून डोंगर दिसतो. डोंगर दिसत होता हे खरं होतं. लोणावळा स्टेशनाच्या बाहेरूनही तो दिसतो.

बाहेर राहणाऱ्या बाईचा दिवस उलटा असतो. अंधार पडला की डोळा लावायचा नाही, आणि उजाडलं, माणसांची वर्दळ सुरू झाली की कुठंतरी भिंतीला पाठ लावून झोपून घ्यायचं. आंघोळीची चोरी, कपडे वाळत घालायची चोरी. ओला ब्लाऊज अंगावरच वाळायचा. महिन्याच्या अडचणीत काय करत होते ते आता आठवलं तरी मला कसंनुसं होतं.

स्टेशनाबाहेरच मला मावशी भेटली. लोहगडवाडीच्या पलीकडं डोंगरात एक वाडी आहे, तिथली. गड बघायला येणाऱ्यांना पिठलं-भाकरी देणाऱ्या टपऱ्यांवर ती पाणी भरायची. एका पावसाळ्यात तिचं खोपट बसलं, आणि तिचा एकुलता लेक कामासाठी म्हणून गेला तो आलाच नाही. मावशी कुणाशी फारसं बोलायची नाही. माझ्याशी बोलली, कारण मी तिच्या बाजूला बसून तिच्या गाठोड्याला हात लावला नाही.

हॉटेलात काम करणाऱ्या एकीनं मला निवारा केंद्राचं सांगितलं. बायकांसाठी आहे, फुकट आहे, जेवण आहे. मी मावशीला म्हटलं, “चला की, दोघी जाऊ.”

“तू जा,” मावशी म्हणाली. “म्या जाऊन आलेय. तितं शेळ्यांवानी कोंडत्यात.”

मला वाटलं, म्हातारीला छपराखाली राहायची सवयच राहिली नाही. मी एकटी गेले.

बाई गोड बोलायच्या. आवाज कधी चढला नाही. इस्त्रीची सुती साडी, गळ्यात चष्म्याची दोरी. मला खुर्ची दिली, चहा दिला, आधार कार्ड बघितलं. माझी पिशवी आणि मोबाइल कपाटात ठेवून कुलूप लावलं. मग मला मागच्या अंगणात नेलं. तिथं एक मदतनीस स्टूल टाकून उभी होती. तिच्या हातात कात्री होती.

“उवा असतात,” बाई म्हणाल्या. “सगळ्यांचेच कापतो आम्ही. नियम आहे.”

“मला न्हाईत उवा. बघा पायजे तर.”

“एकीला सूट दिली की दुसरी मागते. बसा.”

माझे केस कमरेच्या खाली होते. रूप म्हणावं असं माझ्याकडे तेवढंच होतं आणि मला त्याची घमेंड होती. बाहेर राहून, पाण्याला महाग असूनही मी ते विंचरून, बांधून ठेवले होते. मी उठून जाऊ शकले असते. पण बाहेर संध्याकाळ होत आली होती आणि पिशवी कपाटात होती. मी बसले. कात्री बोथट होती, त्यामुळे वेळ लागला. बाई तिथं उभ्या राहून कुणाशी तरी फोनवर ब्लँकेटांबद्दल बोलत होत्या.

त्या केंद्रात आरसा नव्हता. मी डोक्यावरून हात फिरवून अंदाज घेतला.

फाटक दिवेलागणीला बंद व्हायचं. हॉटेलात तर भांडी तेव्हाच पडायला लागतात. काम सोडावं लागलं. सकाळी नाश्ता झाला की सगळ्यांना बाहेर काढायचे. आजारी असो, पाय सुजलेले असोत, संध्याकाळपर्यंत आत यायचं नाही. न्हाणीघराच्या दाराला आतून कडी नव्हती. एक पाय दाराला लावून आंघोळ करायची. तक्रार केली की बाई हसून म्हणायच्या, “इथं सगळ्या बायकाच तर आहेत. लाजायचं कुणाला?”

मग एक दिवस देणगीदार आले. आम्हाला ओळीनं बसवलं, एकेकीच्या हातात ब्लँकेट दिलं, हात जोडायला सांगितलं, फोटो काढले. पाहुणे गेल्यावर मदतनिसानं ब्लँकेटं परत गोळा केली आणि कपाटात ठेवली. नवी मळतील म्हणून आम्हाला जुनीच वापरायला देत.

थोड्या दिवसांनी माझा फोटो फ्लेक्सवर आला. एवढा मोठा. कातरलेलं डोकं, जोडलेले हात, आणि वर लिहिलं होतं, ‘निराधार भगिनींना मायेची ऊब’. एक फ्लेक्स कुसगावच्या फाट्यावर लागला. दिरानं तो बघितला आणि लोकांना बोलावून दाखवला असं मला नंतर कळलं. त्याचं मला तितकं लागलं नाही. दुसरा फ्लेक्स सोमाटणे फाट्यावर लागला होता. माझ्या लेकीचा सासरा रोज तिथं दूध घ्यायला जायचा.

लेक रिक्षा करून तडक आली. आम्ही कामं शोधायला बाहेर पडायच्या बेतात होतो. बाईंनी तिला फाटकाबाहेरच थांबवलं.

“भेटायची वेळ रविवारी असते,” त्या म्हणाल्या.

“माझी आई आहे ती,” लेक म्हणाली.

“इथं सगळ्याच कुणाच्या तरी आया आहेत.”

आणि बाईंनी त्या दिवशी मला बाहेरही सोडलं नाही, कारण नातेवाइकांबरोबर जायचं असेल तर आधी कळवावं लागतं. मी आत, लेक बाहेर, मध्ये फाटकाच्या सळ्या. लेक माझ्या डोक्याकडे बघत होती.

“हॉटेलातली खोली?” एवढंच ती म्हणाली.

मी सळीवरचा तिचा हात धरला होता. बाई बाजूला उभ्या राहून घड्याळ बघत होत्या. त्या क्षणी माझ्या मनात ठरलं. दिराला मी माणसांत धरतच नव्हते. लोभी माणूस लोभानं वागला, त्याचं काय नवल? पण या बाईला माझं वाईट करून काहीही मिळत नव्हतं. ती ते सहज करत होती, चांगल्या साडीत, चांगल्या नावाखाली. मी लेकीला हळूच म्हटलं, “तू जा आता. पर हिला मी सोडनार न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी मागून घेतली आणि बाहेर पडले. पुन्हा स्टेशन, पुन्हा मावशी. मावशीनं माझ्या डोक्याकडे बघितलं आणि आपल्या गाठोड्यातला रुमाल काढून दिला. “बांध,” म्हणाली. ‘सांगितलं व्हतं’ असं एकदाही म्हणाली नाही.

त्याच सुमारास एक वकील ताई स्टेशन परिसरात फिरू लागल्या. बाहेर राहणाऱ्या बायका केंद्रात का जात नाहीत, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. जिल्ह्यावरून साहेब येणार होते, बैठक होणार होती. बायका त्यांना उत्तरं देत नव्हत्या. चांगल्या चपला घालून प्रश्न विचारणाऱ्या बाईला कोण उत्तर देईल? मी त्यांना म्हटलं, “माझ्याबरोबर चला. मी बोलतं करते समद्यांना.”

मी त्यांना घेऊन फिरले. स्टेशन झालं, बाजारामागची गल्ली झाली, कार्ल्याच्या पायऱ्या झाल्या, सोमाटण्याचा पूल झाला. एक जण कुत्रं सोडून यायला तयार नव्हती, कारण रात्री तेच तिला राखायचं. एकीचं काम उशिरा सुटायचं. एक दारू प्यायची आणि तसं उघड सांगायची. एकीजवळ आधार कार्डच नव्हतं, नवऱ्यानं ठेवून घेतलेलं. वकील ताई म्हणाल्या, “तुम्ही किती मनापासून करताय हे.” प्रत्येक बाईचं गाऱ्हाणं ऐकताना मला बरं वाटत होतं. चुलीत एकेक लाकूड सारावं तसं.

बैठक दुपारची होती. पुढं साहेब, एका बाजूला बाई आणि त्यांच्या संस्थेचे लोक, मागं आम्ही. बाईंनी केंद्रातल्या काही जणींना नव्या साड्या नेसवून आणलं होतं. त्या उठून म्हणाल्या, सगळं छान आहे, जेवण छान आहे. मग वकील ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी उठले. बोलायचं पुष्कळ ठरवलं होतं, पण बाईंचा तो शांत चेहरा दिसला आणि एकच प्रश्न तोंडातून आला.

“बाई, तुमच्या घरच्या न्हानीला आतनं कडी हाय का?”

लोक हसले. साहेबही हसले. बाई हसल्या नाहीत. त्या उभ्या राहिल्या आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, “आहे. पण माझ्या घरी कुणी न्हाणीघरात गळफास लावून घेतला नव्हता. केंद्रात एकीनं लावून घेतला होता. आम्ही दार फोडून तिला वाचवलं. कडी त्यानंतर काढली.”

मला हे माहीतच नव्हतं. साहेब मान हलवायला लागले, आणि मला वाटलं, ही बाई याही वेळी जिंकली.

तेवढ्यात मागून मावशी बोलली. ती यायला तयार नव्हती, मी ओढून आणली होती. ती उठलीसुद्धा नाही, बसल्या जागेवरूनच बोलली.

“तिनं फास का लावला, ते बी सांगा की.”

बाईंनी मागं वळून बघितलं.

“म्या व्हते तवा तितं,” मावशी म्हणाली. “पोर आजारी व्हती. तुमी तिला म्हनलात, ऱ्हायाची मुदत संपली, उद्या सकाळी निघायचं. ती पाया पडली तुमच्या. तुमी म्हनलात, नियम हाय.”

साहेबांनी विचारलं, “हे खरं आहे का?”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मुदतीचा नियम संस्थेचा होता,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदा फाटलेला मी ऐकला. नव्या साड्या नेसलेल्या बायका एकेक करून बोलायला लागल्या, आणि मग कुणाला थांबवता आलं नाही. मी खाली बसले. मला बोलायची गरजच उरली नव्हती. मी फक्त बाईंकडे बघत राहिले, आणि इतकं गोड मला बऱ्याच दिवसांत काही लागलं नव्हतं.

केंद्र दुसऱ्या संस्थेकडे गेलं. बाईंना जावं लागलं. नव्या लोकांनी तिथं राहणाऱ्यांची एक समिती केली, तीत मला घेतलं, आणि पुढं कामावरच ठेवलं.

मी पहिल्यांदा आणला तो आरसा. पुरा माणूस दिसेल असा. कात्री भंगारवाल्याला दिली. न्हाणीघराला कडी बसवली. एका समुपदेशक ताईंनी सुचवल्याप्रमाणे ती अशी आहे की आतून लागते, पण अडचण आली तर बाहेरून हत्यारानं उघडता येते. एवढी साधी गोष्ट. ती बसवणारा सुतार बाजारपेठेतच राहत होता. बाईंना तो कधी सुचला नाही, हे आठवून मी त्या दिवशी परत एकदा संतापले.

मग प्रत्येकीला कुलपाचा कप्पा, किल्ली तिच्याच गळ्यात. कामावरून उशिरा येणारीला फाटक उघडं. आजारी बाई दिवसाही आत. मुदत नाही. फोटो बंद, देणगीदार कितीही मोठा असला तरी. कुत्र्याला मागच्या अंगणात जागा. मंगळवारी वकील ताई येऊन बसतात, कुणाची कागदपत्रं, कुणाची पेन्शन, कुणाला घरातून काढलंय त्याचा दावा. माझाही दावा दिरावर चालू आहे. त्याच्या तारखा पडतात आणि त्याला दर वेळी धंदा सोडून वडगावच्या कोर्टात यावं लागतं, त्यातही मला समाधान आहे.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पिणाऱ्या बाईनं एकदा आरसा फोडला. एकीनं दुसरीचा मोबाइल चोरला. एक मुलगी सगळ्यांना शिव्या देऊन निघून गेली आणि परत आली नाही. अशा दिवशी मला बाईंचा चेहरा दिसायचा, ‘बघितलंस ना?’ म्हणणारा. मग मी पुन्हा आरसा आणायचे, चोरी करणारीला समोर बसवून बोलायचे, निघून गेलेलीला शोधायला स्टेशनावर जायचे. माणूस मायेनं जेवढं रेटेल तेवढंच मी रागानं रेटत होते. बायकांना त्यानं काही फरक पडला नाही.

गेल्या पावसाळ्यात बाई आल्या. दुपारची वेळ, बाहेर सर लागली होती. त्यांच्याबरोबर दोन वयस्कर गृहस्थ होते, आणि बाई छत्रीखालून त्यांना हातानं इमारत दाखवत होत्या. तळेगावजवळच्या एका वृद्धाश्रमात त्यांना काम मिळायचं चाललं होतं आणि ते गृहस्थ तिथले विश्वस्त होते. मी फाटकाजवळ गेले तेव्हा बाई म्हणत होत्या, “हे केंद्र मीच उभं केलं.”

मला बघून त्या थांबल्या. मग गोड हसल्या. “अगं, उघड ना. यांना जरा आतून दाखवायचंय.”

“आतल्या बायकांना इचारावं लागतं,” मी म्हटलं. “त्यांचं घर हाय ते.”

मी आत गेले. बायका जेवून पडल्या होत्या. मी सांगितलं, जुन्या बाई आल्यात, आत यायचं म्हणतायत. बाईंच्या वेळची जी एक जण होती, तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मावशी आता इथंच राहते. ती उठून बसली, थोडा विचार केला आणि म्हणाली, “पावसात हायेत. चहा द्या. पर भायेरच द्या.”

मी चहा केला. आलं घातलं, साखर नीट घातली. ट्रे घेऊन फाटकाशी गेले आणि सळ्यांमधून एकेक कप बाहेर दिला. गृहस्थांनी घेतला. बाईंनी कप हातात धरला, पण प्यायल्या नाहीत.

“तू सूड घेतेयस,” त्या हळू आवाजात म्हणाल्या.

“व्हय.”

“ही जागा मी मिळवली होती. दारोदार हात जोडत फिरले होते त्या वेळी. मी नसते तर तुला हे फाटकसुद्धा मिळालं नसतं.”

ते खरं होतं. नंतर जुन्या लोकांकडून मी ऐकलं होतं, बाईंनी त्या जागेसाठी किती खेटे घातले होते ते. खरं असल्यामुळे मला जास्तच राग आला. इतकं करून मिळवलेल्या घरात या बाईनं आम्हाला असं ठेवलं.

“मग ते त्यांना सांगा,” मी गृहस्थांकडे बोट दाखवलं. “आनि कडी का काढली व्हती, ते बी सांगा.”

एका गृहस्थांनी विचारलं, “कसली कडी?” भरलेला कप बाईंनी फाटकाच्या कठड्यावर ठेवला आणि छत्री सावरत गाडीकडे गेल्या. त्यांचा पाय चिखलात घसरला तेव्हा दुसऱ्या गृहस्थांनी धरलं. मी बघत उभी राहिले. मला अजिबात वाईट वाटलं नाही. संध्याकाळी लेक आली, तिला सगळं सांगितलं, तर ती हसली नाही. “आई, आता पुरे,” म्हणाली. मी तिच्यासाठी भजी तळली आणि विषय बदलला.

बाईंना ते काम मिळालं. वृद्धाश्रमातून आलेल्या एकीनं मला सांगितलं की नव्या बाई बऱ्या आहेत, भेटायला कुणी कधीही आलं तरी सोडतात. ते ऐकून आनंद व्हायला हवा होता. मला मात्र कुणीतरी माझ्या हातातलं काही काढून घेतल्यासारखं झालं. माझ्या लेकीला जे दिलं नाही, ते आता परक्यांच्या लेकींना देतेय. आणि म्हणतील, किती माणुसकीची बाई आहे.

परवा वकील ताई आल्या होत्या. अशा संस्थांना भेटी देऊन पाहणी करायला आता आमच्यासारख्या बायकांनाही नेतात, त्यात माझं नाव त्यांनी घातलंय. तालुक्यातल्या संस्था वाटून घ्यायच्या होत्या. माझ्या वाट्याला तो वृद्धाश्रम आला हे पाहून ताई जरा अवघडल्या.

“तुम्हाला दुसरी संस्था देऊ का?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “न्हाई. तीच द्या.”